छापून येईपर्यंत, आणि त्यानंतर

हस्तलिखित नाकारलं गेल्याची या मुलखातली बहुधा सगळ्यात जुनी गोष्ट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली आहे. ती पैठणची, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती ‘कथासरित्सागरा’त सांगितली. सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षं लागतील, असं तो म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवून दाखवण्याची पैज घेतली. हरलो तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन, असं गुणाढ्य बोलून बसला आणि हरला. दरबार सोडून तो विंध्याच्या रानात गेला आणि पैशाची भाषेत सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहून काढली. रानात शाई नव्हती म्हणून त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिलं. शिष्य ते बाड घेऊन राजाकडे गेले. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरं पाहून राजाने ते बाजूला सारलं.

मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटवलं. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली. इकडे राजाच्या ताटात वाळकं, निःसत्त्व मांस येऊ लागलं, तेव्हा चौकशी झाली आणि राजा धावत रानात पोचला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. वाचला तो उरलेला एक लाख. पुढे तो भागही मूळ रूपात टिकला नाही. सोमदेव, क्षेमेंद्र आणि बुधस्वामी यांच्या रूपांतरांतूनच आज तो कळतो.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण लिहिणाऱ्याच्या मनाला जे जे सोसावं लागतं, त्यातलं बहुतेक सगळं तिच्यात आहे. हलकी मानलेली भाषा, केंद्रापासून लांब बसलेला लेखक, न वाचताच झालेला निवाडा, आपलंच लिहिलेलं जाळून टाकावं असा संताप, आणि उशिरा उमगलेला राजा. याच पैठणशी जोडलेल्या हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ म्हणजे या नाण्याची दुसरी बाजू. एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असं त्या संग्रहातच म्हटलं आहे. आकडा अतिशयोक्तीचा असेल, पण निवडलेल्यांपेक्षा न निवडलेल्यांची संख्या कायमच किती मोठी असते, हे त्यातून कळतं.

जाड पाकीट, पातळ कार्ड

विसाव्या शतकात राजाच्या जागी संपादक आला आणि शिष्यांच्या जागी पोस्टमन. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं, हा मासिकांचा शिरस्ता होता. त्यामुळे निकाल पाकीट फोडण्याआधीच कळे. पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसलं की कथा परत आली; पातळ कार्ड असलं तर आशेला जागा. आत बहुतेक वेळा ‘साभार परत’ एवढाच मजकूर. आभार कशाचे आणि परत का, हे त्यात नसे.

मराठवाड्यातल्या लेखकासाठी हे पाकीट लांबून येई. मोठी मासिकं आणि प्रकाशनसंस्था मुंबई-पुण्यात. निजामाच्या राज्यात तर अडचण त्याहून मूलभूत होती. शिक्षण आणि कारभार उर्दूत; सभा-संमेलनांना परवानगी हवी, त्यासाठी गश्ती निशाण 53 हा कुप्रसिद्ध हुकूम. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते संस्थानाबाहेर, पुण्यात. निजाम सरकारने बंदी घातली की ते नवं नाव घेऊन पुन्हा निघे. इथे छापून येणं ही लेखकाच्या गुणवत्तेची बाब होण्याआधी पत्राच्या हयातीची बाब होती. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं आणि हा धाक संपला. निजामी राजवटीतच उभी राहिलेली मराठवाडा साहित्य परिषद पन्नासच्या दशकात ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक चालवू लागली. पैठणचं जुनं नाव आता एका संपादकीय टेबलाला मिळालं होतं. 1957 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, भरलं. अध्यक्ष होते अनंत काणेकर.

तरीही पाकिटं मुंबईहून परत येतच होती. मौजेच्या ‘सत्यकथे’चा तेव्हा दरारा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथेवर बारकाईने पत्रं लिहीत, पुनर्लेखन करून घेत. त्या पत्रांनी कित्येक लेखक घडले. कित्येकांना ती दारं आपल्यासाठी नाहीतच, असंही वाटलं. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. गुणाढ्याने स्वतःचं बाड जाळलं होतं; या तरुणांनी नाकारणाऱ्याचा अंक जाळला.

नागसेनवनातलं टपाल

औरंगाबादेत मात्र याच सुमारास जाळण्यापेक्षा वेगळं काही घडत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. परिसराला नागसेनवन हे नाव बाबासाहेबांचंच. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे लिहिते शिक्षक तिथे होते. वसतिगृहांत मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या खेड्यांतून आलेली मुलं होती. त्यांच्या घरात छापील अक्षर पहिल्यांदाच येत होतं. अशा मुलाने लिहिलेली कथा परत आली, तर ती फक्त कथा परत आली असं त्याला वाटत नसे. आपलं जगणंच सभ्य अक्षरांत बसत नाही, असा तो निकाल वाटे.

याला पूर्वपीठिका होती. 1920 मध्ये ‘मूकनायक’ निघालं तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, ही गोष्ट आंबेडकरी चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. स्वतःचं पत्र असल्याशिवाय आवाज पोचत नाही, हा धडा त्यातून मिळालेला होता. मिलिंदमध्ये शिकवणारे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तो गिरवला. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने आधी ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ या नावाने त्रैमासिक उभं राहिलं. या घडामोडीत शहरातलं दैनिकही मागे नव्हतं. साप्ताहिकाचं आता दैनिक झालेल्या, अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ने 1969 च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावरची चर्चा छापली आणि वाद दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर गेला.

त्रैमासिक चालवणं म्हणजे भावनेचा चढउतार दर तीन महिन्यांनी नव्याने अंगावर घेणं. वर्गणीदारांची यादी, कागदाची उधारी, छापखान्याचा तगादा, खिळे जुळवणाऱ्याने अनोळखी बोलीतल्या शब्दांची लावलेली वाट, आणि या सगळ्यानंतर अंक डाकेत टाकणं. लेखकाला वाटतं, संपादक निवांत बसून नाकारतो. अशा नियतकालिकाचा संपादक पुढचा अंक निघेल की नाही, याच्या घोरात असतो. पानतावण्यांनी हे काम आयुष्यभर केलं. शिवाय ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरू लागले. एरवी टपालातून भेटणारा लेखक तिथे समोर उभा राहून वाचू लागला, आणि आपल्या ओळीवर माणसं गप्प होतात की हसतात, हे त्याला त्याच क्षणी कळू लागलं. वामन निंबाळकरांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा संग्रह 1973 मध्ये ‘अस्मितादर्श’नेच काढला.

प्र. ई. सोनकांबळे यांचं उदाहरण इथे महत्त्वाचं. उदगीर भागातल्या पोरक्या बालपणातून आलेले आणि नागसेनवनात इंग्रजी शिकवणारे सोनकांबळे एकेक आठवण लिहीत गेले. त्यातले तुकडे आधी नियतकालिकांतून आले. 1979 मध्ये औरंगाबादच्या चेतना प्रकाशनाने ‘आठवणींचे पक्षी’ पुस्तकरूपाने काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रंथालीने दया पवारांचं ‘बलुतं’ आणलं होतं. ही पुस्तकं गाजली, तसा एक वेगळाच त्रासही सुरू झाला. ‘बलुतं’वर शिकल्यासवरल्या दलित वाचकांमधूनही नाराजी उमटली. ज्या दारिद्र्यातून कसेबसे वर आलो ते चारचौघांत कशाला मांडलंत, असा तिचा सूर होता. नाकारलं गेल्याचं दुःख निदान एकट्याचं असतं. छापून आल्यावर मात्र आई, भाऊ, गाव आणि समाज असे सगळेच पुस्तकात ओढले जातात, आणि त्यांची परवानगी कुणीच घेतलेली नसते.

पानतावण्यांना जानेवारी 2018 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी 27 मार्चला औरंगाबादेत त्यांचं निधन झालं.

‘वाचा’ आणि विद्यापीठ

लघुनियतकालिकांची दुसरी धारा याच शहरातून वाहत होती. ‘शब्द’, ‘अथर्व’, ‘असो’ ही मुंबईची, ‘वाचा’ औरंगाबादचं. भालचंद्र नेमाडे, चंद्रकांत पाटील ही त्याच्याशी जोडलेली नावं. नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह 1970 मध्ये वाचा प्रकाशनानेच काढला. प्रकाशक सापडत नाही म्हणून मित्रच प्रकाशक होतात, या व्यवहारात नफा नव्हता, पण पाकिटाची वाट पाहणंही नव्हतं.

नेमाड्यांची कारकीर्द प्रकाशनाच्या चढउतारांचा वेगळाच आलेख आहे. ‘कोसला’ त्यांनी विशीच्या मध्यात, सांगवीच्या घरी बसून, काही आठवड्यांच्या झपाट्यात लिहिली. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती 1963 मध्ये काढली. एवढ्या गाजलेल्या पहिल्या कादंबरीनंतर दुसरी यायला बारा वर्षं लागली. मराठवाडा विद्यापीठात शिकवत असताना ‘बिढार’ (1975), ‘जरीला’ (1977) आणि ‘झूल’ (1979) आल्या. लिहिणाऱ्या पोरांची मासिकं काढण्याची खटपट, मैत्र्या आणि मोहभंग हाच ‘बिढार’च्या मोठ्या भागाचा ऐवज आहे. मग ‘हिंदू’ ही पुढची कादंबरी येईपर्यंत एकतीस वर्षं गेली. या काळात वाचक आणि प्रकाशक दोघेही विचारत होते: कधी? लिहून झालेलं न छापलं जाण्याचा ताण सगळ्यांना ठाऊक असतो. लोकांनी आधीच मान्य केलेल्या लेखकावर न लिहिलेल्या पुस्तकाचा ताण असतो, तो फारसा बोलला जात नाही.

बोलीला खिळे कोण लावणार

गुणाढ्याची पैशाची भाषा मराठवाड्यात वेगळ्या रूपात परतली. रा. रं. बोराडे मूळचे लातूरकडचे. वैजापूर आणि औरंगाबादेत प्राचार्य होते. 1971 च्या ‘पाचोळा’त त्यांनी अख्खी कादंबरी एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या बोलीत सांगितली. संवादापुरती बोली आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही ग्रामीण कथेची तोवरची सोय त्यांनी नाकारली. असा मजकूर प्रुफाला गेला की मुद्रितशोधक शब्द ‘सुधारतो’, आणि लेखकाला आपलेच शब्द पुन्हा ‘बिघडवून’ घ्यावे लागतात.

अजिंठ्याच्या परिसरात, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्यात ना. धों. महानोर शेती करत होते. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने 1967 मध्ये ‘रानातल्या कविता’ काढल्या आणि कॉलेज अर्ध्यात सोडलेला शेतकरी एकदम मराठी कवितेच्या मध्यभागी आला. महानोरांचं नाव निघतं तेव्हा यशाचीच बाजू सांगितली जाते. पण पावसावर अवलंबून असलेल्या माणसाचं लिहिणं कोणत्या वेळापत्रकात बसतं, हा प्रश्न त्यांच्यासारख्यांना कायम होता. पेरणीच्या दिवसांत प्रुफं आली तर प्रुफं थांबतात.

गावातला प्रकाशक

सत्तरच्या दशकात पैठण तालुक्यातल्या वडजीचे बाबा भांड प्रकाशन व्यवसायात उतरले. त्यांच्या साकेत प्रकाशनाने पुढे औरंगाबादच्या स्टेशन रोडवरून महाराष्ट्रभर पुस्तकं पाठवली. नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’ 1990 मध्ये साकेतनेच काढलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्यात छापलं म्हणजेच पुस्तक, हा समज इथे मोडला.

भांड स्वतः कादंबरीकार, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस. पैठणच्या घाटावर राखेतून नाणी वेचणाऱ्या मुलाची त्यांची ‘दशक्रिया’ कादंबरी मराठीत वाचली गेली, पण खरं वादळ उठलं ते तिच्यावरचा चित्रपट नोव्हेंबर 2017 मध्ये प्रदर्शित होताना. चित्रपटाला त्याआधीच सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. काही संघटनांनी प्रदर्शनाला विरोध केला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि न्यायालयाने बंदीची मागणी फेटाळली. कादंबरी छापून वर्षं उलटलेली, वाद पार पडल्यासारखा वाटलेला, आणि अचानक लेखकाला आपल्याच जुन्या पानांसाठी पुन्हा उभं राहावं लागलं.

बोराडे आणि भांड हे दोघेही वेगवेगळ्या काळात महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्ष होते. 1960 मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या हस्तलिखिताला ती प्रकाशनासाठी अनुदान देते. मराठवाड्यातल्या कित्येक तरुणांनी पहिलं ‘मंजूर’ हे अक्षर प्रकाशकाच्या पत्रात नव्हे, तर या योजनेच्या पत्रात वाचलं.

प्रत हाती आल्यावर

पहिल्या पुस्तकाची पहिली प्रत हातात येते तो दिवस लेखक विसरत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तकाचे गठ्ठे दारात येतात. कवितासंग्रहाच्या बाबतीत तर हे ठरलेलंच. खर्च कवीचा, नाव प्रकाशकाचं, गठ्ठे पलंगाखाली. आवृत्ती म्हटलं की पूर्वी हजार प्रती गृहीत असत; आता पाचशे, तीनशे, कधी त्याहूनही कमी छापल्या तरी आवृत्ती एकच म्हणतात. मागणीनुसार छपाईने गठ्ठ्यांचा प्रश्न काहीसा सुटला, पण वितरणाचा नाही. ग्रंथालयांची खरेदी अनुदानावर चालते आणि अनुदान रखडलं की पुस्तकं प्रकाशकाकडे तुंबतात.

प्रकाशन समारंभाचीही रीत आहे. साहित्य परिषदेच्या नांदापूरकर सभागृहात खुर्च्या भरतात, तीन वक्ते बोलतात. त्यातल्या किमान एकाने पुस्तक पूर्ण वाचलेलं असतं. भेटप्रती वाटल्या जातात आणि मग शांतता. या शांततेसाठी कोणी तयार केलेलं नसतं. नकाराला निदान एक कागद असतो. दुर्लक्षाला कागदही नसतो. परीक्षण येईल म्हणून रविवारच्या पुरवण्या चाळल्या जातात. ओळखीच्या संपादकाला विचारावं की नाही, यावर रात्री जातात. समीक्षक टीका करेल ही भीती असते, पण काहीच लिहिणार नाही ही भीती तिच्याहून मोठी.

काहींच्या बाबतीत ही शांतता फार लांबते आणि मग मोडते. अनुराधा पाटील यांचा ‘दिगंत’ हा पहिला संग्रह 1981 चा. गाजावाजा न करता, मोजके संग्रह काढत त्या लिहीत राहिल्या. साहित्य अकादमी पुरस्कार आला तो 2019 मध्ये, ‘कदाचित अजूनही’साठी. पिढ्यान्‌पिढ्यांना काव्यसमीक्षा शिकवणारे डॉ. सुधीर रसाळ यांना ‘विंदांचे गद्यरूप’साठी 2024 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते 91 वर्षांचे होते. उलट घडल्याचं उदाहरणही याच शहरातलं. शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार बोराडेंना 2025 च्या सुरुवातीला जाहीर झाला. तो हाती येण्याआधीच 11 फेब्रुवारीला ते गेले.

बाहेरच्या जगातही हीच तऱ्हा आहे. अमेरिकेतल्या जॉन केनेडी टूल याची कादंबरी प्रकाशकांनी नाकारली आणि 1969 मध्ये त्याने आत्महत्या केली. आईने ते बाड हाती धरून वर्षानुवर्षं दारं ठोठावली. 1980 मध्ये पुस्तक आलं, 1981 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. लेखकाच्या पश्चात बाड सांभाळणारं कोणी असणं, हा साहित्याच्या इतिहासातला केवढा मोठा योगायोग असतो, हे अशा वेळी दिसतं.

आता टपाल मागे पडलं. कविता मोबाइलवर टाइप होते, सकाळी पाठवली की संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. संपादकाने वाचलं, हे कळतं. त्याला काय वाटलं, ते कळत नाही. दुसरीकडे, पैसे भरा आणि महिनाभरात लेखक व्हा, अशा जाहिराती तरुणांपर्यंत सहज पोचतात. त्यांत नकार नसतो, म्हणून त्या गोड लागतात. पण नकाराबरोबर संपादनही जातं. शुद्धलेखन कोणी पाहत नाही, दहा पानं कापा असं कोणी सांगत नाही, आणि पुस्तक जसंच्या तसं लेखकाच्या अंगावर येतं.

दिवाळी सरली की शहरातल्या लिहित्या माणसांचं दुसरं वेळापत्रक सुरू होतं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत: कवितेला बहिणाबाई चौधरी, कथेला ग. ल. ठोकळ, कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचे. स्पर्धा त्या-त्या कॅलेंडर वर्षात प्रकाशित झालेल्या पुस्तकांची. म्हणून नोव्हेंबरपासून डीटीपी करणाऱ्यांकडे गर्दी वाढते, मुखपृष्ठकाराला रात्री-बेरात्री फोन जातात, प्रस्तावना लिहून देतो म्हणालेल्या ज्येष्ठांच्या घरी चकरा सुरू होतात. मलपृष्ठावरच्या फोटोत चष्मा ठेवायचा की काढायचा, यावर घरात मतभेद होतात. प्रुफं तिसऱ्यांदा तपासून होतात, पहिल्या पानावर एक चूक तरीही राहते, आणि 31 डिसेंबरच्या आत प्रत हाती आली पाहिजे, एवढ्यावरच सगळ्यांचं एकमत असतं.